रेणूला आधीच माहीत असलेलं घर

"इथंच मोजतात ना?" असं म्हणून रेणू भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टाचा टेकलेल्या, हनुवटी सरळ, हात मांड्यांना चिकटवलेले. मी समोर खुर्चीवर फॉलो-अपचा फॉर्म भरत होते. दुपारचे तीन वाजले होते. दौंडच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये लाईट गेली होती आणि पंखा बंद असल्यामुळे माझ्या पेनचा आवाजही ऐकू येत होता. भिंत कोरी होती, वर्षाच्या आत पिवळा रंग दिलेली.

सुजाताताई स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चहा माझ्यासमोर ठेवला.

"बघितलं का मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच जागंला पूर्वाची उंची मोजायचो आमी. पेन्सिलीच्या खुणा व्हत्या. ही यायच्या आधीच रंग दिला. मी सांगितलं न्हाई, ह्यांनी सांगितलं न्हाई. मग हिला कसं म्हाइत?"

मी फॉर्म मिटला.

मी सोशल वर्कर आहे. बालगृहातल्या मुलांना घरं शोधायची आणि शोधलेली घरं टिकतात का ते बघत राहायचं, हे माझं काम. दत्तक घेतलेलं मूल कायमचं त्या घरचं होतं. फॉस्टर केअरमध्ये तसं नसतं. मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात वाढतं, आणि त्याचे आईवडील सावरले की बालकल्याण समितीच्या ऑर्डरनं त्यांच्याकडे परत जातं. हे आम्ही फॉस्टर आईवडिलांना पहिल्याच मीटिंगला सांगतो. ते मान डोलावतात. आपण कशाला मान डोलावली ते त्यांना मूल जाताना कळतं.

सुजाताताईंकडे चार वर्षांची पूर्वा आली आणि तीन वर्षं राहिली. त्यांना स्वतःचं मूल नाही. नवरा रेल्वेच्या इंजिन-शेडला टेक्निशियन. मुलाची जन्मदाती आई हयात असेल तर फॉस्टर आईला 'आई' म्हणायला शिकवू नका, असं आम्ही बजावतो. त्यामुळे पूर्वानं स्वतःच एक नाव शोधलं, माऊ. मग तिच्या आईला, कविताला, सणसवाडीच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं, भाड्याची खोली झाली, आणि पूर्वा गेली. सुजाताताईंनी महिनाभरात भिंतीला रंग दिला. आठ महिन्यांनी त्या म्हणाल्या, आता दुसरं मूल द्या. आम्ही सहा वर्षांची रेणू दिली.

रेणू त्याआधी दोन घरांतून परत आली होती. एका घरानं अंथरूण ओलं करते म्हणून परत पाठवलं, दुसऱ्यानं 'ती आमच्यात मिसळत नाही' म्हणून.

दौंडला मात्र ती पहिल्या दिवसापासून मिसळली, आणि तीच तक्रार होती. सुजाताताईंनी 'मला मावशी म्हण' असं सांगितलं असताना तिनं 'माऊ' म्हणून हाक मारली. मिठाची बरणी डाळीच्या डब्यामागं असते, ती न विचारता काढून दिली. जेवताना भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून ताटाच्या कडेला ठेवायची, शेवटी खायला. पूर्वाची ती सवय होती.

"परवा मला इचारती, माऊ, डावा गुडघा दुखतोय का," सुजाताताई म्हणाल्या. "मी लंगडत न्हाई मॅडम. बोलले पण न्हवते."

"त्रास काय देते?"

"काहीच न्हाई. हट्ट न्हाई, रडणं न्हाई. तेच तर. शेजारीण म्हंती, त्या पोरीचं तिकडं काहीतरी बरंवाईट झालं असंल, आन् ती हिच्यात आली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "पूर्वा जिती हाय ना मॅडम?"

"आहे की," मी म्हणाले. ते मी नुसतं म्हणाले, मला खात्री नव्हती.

मी रेणूला जवळ बोलावलं. ती आली आणि शहाण्यासारखी मांडी घालून बसली.

"हे सगळं तुला कोणी सांगितलं?"

"पूर्वानं."

"कधी?"

तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "सांगायचं न्हाई असं ठरलंय."

इतकी वर्षं मी मुलांशी बोलते आहे. रडणारी, चावणारी, दाराआड लपून बसणारी मुलं पाहिली आहेत. पण त्या भर दुपारी मला तिच्यासमोरून उठावंसं वाटलं हे खरं आहे. निघताना सुजाताताई फाटकापर्यंत आल्या. "हिला घेऊन जावा. मला हिची भीती वाटती आन् हिची भीती वाटती म्हणून माझीच लाज वाटती," असं म्हणून त्या रडल्या.

स्टेशनवरून मी आमच्या सरांना फोन लावला.

"रिपोर्टमध्ये भूत-बित लिहू नका," सर म्हणाले.

"मग काय लिहू?"

"कारण लिहा. कारण सापडत नसेल तर मुलीला घेऊन या. सोमवारपर्यंत कळवा."

तीनदा परत आलेल्या मुलीला सहसा चौथं घर मिळत नाही. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण फाईल वाचणारे लोक तिसऱ्या पानावर थांबतात. माझ्या हातात चार दिवस होते.

मला आधी पूर्वाला बघायचं होतं. इथं माझी चूक कबूल करते. मूल आईकडे परत गेलं की त्याचंही फॉलो-अप करायचं असतं. मी पूर्वाचे पहिले दोन फॉलो-अप फोनवर उरकले होते, तिसरा करायचाच राहिला होता. आता फोन लावला तर नंबर बंद.

दुसऱ्या दिवशी सणसवाडी गाठली. एका ओळीत बारा खोल्या, प्रत्येक दारापुढे चपलांचा ढीग. कविताच्या खोलीत दुसरीच माणसं होती. बाहेर कपडे धुणारी एक बाई म्हणाली, "दीदी, बच्ची को बहुत बुखार था. माँ गोद में उठाके ले गई. फिर दोनों वापस नहीं आए. सामान बाद में कोई आदमी ले गया."

"कब की बात है?"

तिनं बोटांवर मोजून सांगितलं. रेणू दौंडला गेली, तो आठवडा होता.

मी तिथंच ओट्यावर बसले. बुद्धी सांगत होती की हा योगायोग आहे. पण मला दौंडच्या त्या शेजारणीचं बोलणं आठवत होतं. फोनवर उरकलेले ते दोन फॉलो-अपही आठवत होते.

कंपनीच्या गेटवर कंत्राटदाराचा सुपरवायझर भेटला. तो म्हणाला, "कविता होय? काम सोडलं तिनं. शिरूरला मावसबहीण हाय तिची. तिथं मेसमधी चपात्या लाटती असं ऐकलंय." मग शिरूर. तीन मेस पालथ्या घातल्यावर चौथीच्या मागच्या खोलीचं दार मी वाजवलं.

दार पूर्वानं उघडलं. केस बारीक कापलेले, गळ्याची हाडं वर आलेली, पण डोळे तेच. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

"डेंग्यू झालता मॅडम," कविता मागून म्हणाली. तिचे हात पिठानं भरलेले होते. "मरता मरता वाचली. तुमाला कळवायला पायजे व्हतं. पर वाटलं, पोरगी आजारी पाडली म्हणून तुमी परत काढून घ्याल."

आम्ही असे आहोत असंच तिला वाटत आलं होतं.

"राहते का नीट तुझ्याजवळ?" मी विचारलं.

"आता राहती. आधी पावण्यावानी बसायची. अजून झोपंत माऊ म्हणती." कवितानं पिठाचे हात पदराला पुसले. "मीच 'ओ' देते. काय करणार."

मग मी पूर्वाला रेणूबद्दल विचारलं. तिचा चेहरा उजळला.

"रेणू गेली माऊकडं? तिला पाठ झालं व्हतं. सगळ्यांत नीट तिलाच."

सगळ्यांत, हा शब्द माझ्या कानात अडकला. तेव्हा मला आमच्या फाईलमधली एक ओळ आठवली. कविताची खोली तपासून व्हायची होती, म्हणून पूर्वाला दौंडहून आणल्यावर तीन आठवडे बालगृहात ठेवलं होतं. 'तात्पुरता मुक्काम' एवढीच नोंद. माझ्या आईचं ऑपरेशन असल्यानं मी तेव्हा रजेवर होते. तिथं ती कुणाशेजारी झोपत होती, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. तसा कॉलमच नाही.

"तू का शिकवलंस गं?"

"माऊ एकटी रडत बसली असती," पूर्वा म्हणाली. "कोण जाणार ते म्हाइत नव्हतं. म्हणून सगळ्यांना सांगितलं."

त्याच संध्याकाळी मी बालगृहात गेले. मुली शाळेतून आल्या होत्या आणि आपापल्या कॉटवर बसून चुरमुरे खात होत्या. रेणूची जुनी कॉट रिकामी होती. मी दारातच उभी राहिले आणि कुणाकडेही न बघता, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दौंडच्या माऊचा कुठला गुडघा दुखतो?"

"डावा," चार कोपऱ्यांतून एकदम आवाज आला.

मुली माझ्याकडे बघत होत्या. एकजण उठून कपाटाला पाठ लावून उभी राहिली, हनुवटी सरळ करून. "मीठ डाळीच्या मागं," दुसरी म्हणाली. "काका ड्युटीवरनं आले की आधी पाणी द्यायचं, मग बोलायचं." त्या घराचा उंबरा यांतल्या एकीनंही पाहिला नव्हता. भुताला मी घाबरले नसते इतकी त्या कॉटांना घाबरले.

शनिवारी दौंडला जाऊन मी सुजाताताईंना आणि त्यांच्या मिस्टरांना सगळं सांगितलं. पूर्वाचा पत्ता देता येत नाही, पण ती बरी आहे, आईजवळ आहे, हे सांगितलं. मिस्टर उठून बाहेर गेले आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले. सुजाताताईंनी रेणूला पुढ्यात घेतलं.

"तुला काय आवडतं गं?"

"भाकरीचा पापुद्रा."

"ते पूर्वाला. तुला काय?"

रेणू विचार करत राहिली. इतका वेळ की मी घड्याळ बघितलं. मग ती म्हणाली, "मला म्हाइत न्हाई," आणि घाबरून लगेच पुढं म्हणाली, "पर मी पाठ करीन."

सुजाताताई तिला पोटाशी धरून कितीतरी वेळ बसल्या. मला मुलगी परत न्यावी लागली नाही. सोमवारी मी कारण लिहिलं आणि सरांनी ते दोनदा वाचलं.

पुढं सोपं झालं असं नाही. रेणू पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली. कुणी जोरात बोललं की कॉटखाली जायची. पाच महिन्यांनी एका दुपारी सुजाताताईंचा फोन आला. त्या धापा टाकत होत्या.

"मॅडम, पोरीनं ताट फेकलं. दोडका न्हाई खानार म्हंती. पूर्वा आवडीनं खायची दोडका." आणि त्या हसायला लागल्या.

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'मूल हट्ट करते.' सरांनी विचारलं की ही तक्रार समजायची का प्रगती. मी म्हटलं, प्रगती. तेव्हापासून कुठल्या घरी 'मूल फार गुणी आहे, काही त्रास नाही' असं ऐकलं की मी त्या घरची माझी भेट लांबवते.

बालगृहात मी गेल्यावर त्या मुली आता माझ्याभोवती गोळा होतात. दौंडला कोण गेलं ते त्यांना कळलं आहे.

"मॅडम," परवा त्यांतली सगळ्यांत लहान मुलगी म्हणाली, "तिथं आता जागा न्हाई ना? मग दुसऱ्या घराचं सांगा. लवकर पाठ करते मी."

दुसरं घर अजून मिळालेलं नाही.