बकरीला लिहिलेली पत्रं

रफिकचाचा गेल्याचं आधी त्यांच्या दुकानाच्या कुलपानंच मला सांगितलं. मोताळ्याच्या बाजारात माझं बी-बियाण्यांचं दुकान आणि त्यांचं घड्याळदुरुस्तीचं, भिंतीला भिंत. इतक्या वर्षांत त्यांचं शटर माझ्यानंतर उघडल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी दहा वाजले तरी कुलूप तसंच होतं. मी फोन लावणार तोच आपाचा फोन आला. आपा म्हणजे चाचांची थोरली बहीण. चाची गेल्यापासून घरात हे दोघंच. पहाटेच्या नमाजानंतर चाचा जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. दुपारी दफन व्हायचं होतं, म्हणून सगळ्यांना खबर देण्याचं काम माझ्याकडे आलं. जळगाव जामोदचे भाचे, शेगावचे जुने दोस्त... एकेकाला फोन करताना तेच वाक्य इतक्यांदा बोललो की शेवटी ते मलाच खोटं वाटायला लागलं.

काही वर्षांपूर्वी पुण्यात नोकरी करणारी कुणी एक मुलगी दिवाळीला आली असताना हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र चाचांकडे दुरुस्तीला टाकून गेली, ती पुन्हा फिरकलीच नाही. चाचांनी बॅटरी बदलून ते चालू केलं, तर आत एक अख्खं गाव. नदी, झाडं, आणि शेजारी म्हणून बदक, कासव, निळा फ्रॉक घातलेली एक बकरी. त्यात जिंकणं-हरणं काही नाही. घर मांडायचं, फुलं लावायची, मासे धरायचे, शेजाऱ्यांची विचारपूस करायची. त्या गावचा दिवस आपल्या घड्याळाबरोबर उगवतो नि मावळतो, ह्यावर आमचे घड्याळजी फिदा. बोलणं मात्र सगळं इंग्रजीत. चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी अडखळत. त्यामुळे दुपारी गिऱ्हाईक पांगलं की ते यंत्र माझ्यापुढे धरायचे.

“वाच बे मिलिंद, काय म्हणते बकरी?”

“म्हणते, आज हवा छान आहे.”

“चार ओळीत येवढंच? सगळं वाच.”

ह्या ‘सगळं वाच’चं मूळ माझ्याच दुकानात आहे. बोंडअळीला मारणारी बीटी कपाशी नवीन आली तेव्हा मोठ्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेनं, धुऱ्याला लागून पेरायची. तेवढा पट्टा अळीला खायला सोडायचा, म्हणजे अळ्यांची सगळी पिढी बीटीला सरावत नाही. बरेच जण ती पुडी काउंटरवरच टाकून जायचे. चाचांची तीन एकर कोरडवाहू होती. त्यांनी पुडी उचलून विचारलं, “याच्यावर काय लिवलं?” पेरणीची गर्दी होती. मी न वाचताच म्हणालो, “काही नाही चाचा, नमुना आहे. द्या फेकून.” माझ्या शब्दावर त्यांनी ती वर्षानुवर्षं फेकली. पुढे गुलाबी बोंडअळीनं साऱ्या शिवाराची बोंडं पोखरली, तेव्हा ते एक पुडी घेऊन दुकानात आले आणि स्टुलावर बसले. “आता वाच.” मी वाचलं. एकट्या चाचांच्या पट्ट्यानं अळी थांबली नसती, हे मला कळतं. ते चिडलेही नाहीत. म्हणाले, “जे लिवलं होतं ते सांगाचं होतं नं बे. फेकाचं का पेराचं, ते मी पाह्यलं असतं.” चिडले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसाची लाज मला अजून वाटते.

गेममधल्या गावात त्यांनी फुलांच्या वाफ्याभोवती गवताचा एक पट्टा राखून ठेवला होता. कासव, बदक, सगळे मागे लागायचे, गवत काढा म्हणून. मी म्हटलं, “चाचा, या गावात अळीच येत नाही.”

“नाही आली तं नाही आली. तिची जागा तं राहू दे.”

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाला मी त्यांच्या घरी गेलो. जेवणं आटोपली, पाहुणे गेले, तेव्हा आपानं ओढणीत गुंडाळलेलं ते यंत्र माझ्या हातात दिलं. “बेटा, तू सगळ्याइले खबर देल्ली. या आतल्या शेजाऱ्याइले देल्ली का? वाट पाहून राह्यले असतील.”

मला हसू आलं नाही. यंत्र चार्जिंगला लावून चालू केलं. गावभर गवत माजलं होतं, त्यात चाचांचा पट्टा कोणता ते ओळखू येईना. पांढरी टोपी घातलेला त्यांचा बुटका माणूस दारात उभा होता. माझा अंगठा हलला की तो चालायचा. बकरी धावत आली. “रफिक! इतके दिवस कुठे होतास? मला वाटलं, विसरलास आम्हाला.” ते नाव मीच टाइप करून दिलं होतं. उत्तराला दोनच पर्याय होते, ‘कामात होतो’ आणि ‘माफ कर’. मी ‘माफ कर’ दाबलं.

त्या गावात शेजाऱ्यांना पत्र पाठवता येतं. मी बकरीला लिहिलं, रफिक वारले, त्यांना तुझी फार माया होती. आपानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गेममधल्या पत्रपेटीत उत्तर होतं. आपा शेजारी येऊन बसली. “काय लिवलं?” मनात आलं, सांगून टाकावं की बकरी खूप रडली, दुवा मागते म्हणाली. कुणाला कळणार होतं? म्हातारीच्या जिवाला तेवढाच आधार झाला असता. पण जीभ रेटेना. होतं तसं वाचलं. “प्रिय रफिक, तुझं पत्र वाचून फार मजा आली. असाच लिहीत राहा. लवकर भेटायला ये.”

आपानं पडद्यावरच्या टोपीवाल्या माणसाकडे पाहिलं.

“तिले समजलं नाही,” ती म्हणाली. “उद्या पुन्हा लिव.”

तेव्हापासून रोज दुपारी दुकान बंद करून मी आपाकडे जातो आणि बकरीला लिहितो. शब्द बदलून पाहिले, सोपे करून पाहिले... उत्तर रफिकच्याच नावानं येतं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसं आहे तसं, तिला वाचून दाखवतो.