पाठ हिरवी, पोट पांढरं

सकाळचे पावणेआठ. दूध गॅसवर, लेकीचा डबा अर्धा भरलेला, माझे दोन्ही हात भांड्यांच्या साबणात, आणि दारावर थापा पडल्या.

"अगं, दार!" आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज.

मी गॅस बारीक केला, हात कमरेला पुसले आणि कोपरानं कडी सरकवली. समोरच्या ताई उभ्या होत्या. पायात दोन वेगळ्या चपला. हातात बोटभर लांबीचा, रबरासारखा मऊ मासा. मासा कसला, दोन अर्धुकं. हिरवी पाठ डाव्या हातात, पांढरं पोट उजव्या हातात.

"मंगळवारी साडेदहाला तू माझी वाटी परत द्यायला आली होतीस."

"हो."

"दारात आपण किती वेळ बोललो?"

मला वाटलं, वाटीला पोचा आला की काय. "असेल दोन मिनिटं. पाण्याच्या टाकीचं बोलत होतो ना आपण."

"दोन मिनिटं." डॉक्टरनं रिपोर्ट वाचून मान हलवावी तशी त्यांनी हलवली. "म्हणजे एकशेवीस. मला बावीस लागतात. बरं, दूध बघ तुझं."

दूध उतू गेलंच होतं.

ताईंना आमच्या इमारतीत सगळे 'कवळीताई' म्हणतात, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सव्वीस वर्षं त्या दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करायच्या. दवाखान्यातून तोंडाचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरड्या कोरायच्या, मग गुलाबी हिरडी आणि पांढरे दात असे बसवायचे की माणसानं काहीही चावलं तरी दोघांची ताटातूट होऊ नये. पुढे मालकांनी संगणकावर चालणारं यंत्र आणलं आणि ताईंना पुष्पगुच्छ दिला. "आता घरी आराम करा." ताईंनी पुष्पगुच्छ यंत्रावरच ठेवला आणि मेण कोरायच्या आपल्या सहा सुऱ्या पिशवीत घालून घर गाठलं.

घरी थोरले भाऊ, म्हणजे दादा. दोघांनीही लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची अजून कुणाची छाती झालेली नाही. दादा टपाल खात्यातून निवृत्त झाले, तेव्हापासून दर रविवारी तळ्यावर गळ टाकून बसतात. एका रविवारी त्यांचं सगळ्यात आवडतं दुरंगी आमिष, गळाला लावायचा खोटा मासा, पाण्यातल्या बुंध्यात अडकून तुटलं. घरी आले ते घरातलं माणूस गेल्यासारखा चेहरा करून. ताईंनी त्याच्या जोडीतलं उरलेलं आमिष हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नखानं सांधा दाबून पाहिला.

"एवढंच ना?" म्हणाल्या. "दोन रंग चिकटवायचे?"

पहिला मासा निघाला तो सवयीनं अगदी हिरडीच्या गुलाबी रंगाचा. दादा म्हणाले, "हा गळाला लावला तर मासे पळतील, आणि हा मलाच चावेल." त्या वाक्यावर दुसऱ्या कुणी सगळं आवरून ठेवलं असतं. ताईंनी आणखी सात साचे केले.

तीन वर्षांत बाजारातल्या गळ-दोऱ्यांच्या दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर, तिसरा खिळा ताईंच्या पाकिटांचा झाला. दुकानदार त्यांना 'ल्यूर' म्हणतो, ताई 'आमिष' म्हणतात. मासे दोन्ही नावांना फसतात. पण आदल्या संध्याकाळी त्यानं सगळाच्या सगळा माल परत दिला होता. कुणा गिऱ्हाइकाच्या गळावर नुसती हिरवी पाठ परत आली, पोट माशाच्या तोंडात राहिलं. "मावशी, घरचं ते घरचंच," दुकानदार म्हणाला. "आता पुरे करा. उद्यापासून तो खिळा कंपनीला देतोय."

हे मला कळलं ते साडेनवाला, घर रिकामं झाल्यावर मी समोर गेले तेव्हा. गेले ते माफी मागायला, कशाची ते नीटसं न कळताच.

दार दादांनीच उघडलं असेल असं वाटेल, तर तसं नाही. दार उघडंच होतं. दादांची वेताची खुर्ची दारापासून तीन पावलांवर, उजेड बरा येतो म्हणून. डोळ्यांवर जुना, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, नाकाला टेकलेलं वर्तमानपत्र.

"आलीस? जा आत. तुझ्या ताईनं काल चाळीस माशांचे हातपाय ओढलेत."

"माशांना हातपाय नसतात, दादा," आतून उत्तर आलं.

ताईंची मागची गॅलरी हीच त्यांची प्रयोगशाळा. खिडकी सताड उघडी, हवा बाहेर फेकणारा पंखा घरघरत. जुना मायक्रोवेव्ह, त्यावर लाल रंगानं भली मोठी फुली: यात अन्न ठेवायचं नाही. टेबलावर प्लास्टरचे आठ साचे ओळीनं, प्रत्येकाच्या आत माशाच्या आकाराचा खड्डा आणि शेपटीशी कोरलेला आकडा. आकडा मारायची सवय कवळ्यांची. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात जाऊन कसं चालेल?

"हे बघ." त्यांनी दोन ढीग पुढे केले. "गिऱ्हाइकाकडून आलेली ती पाठ धरून चाळीस होते. सगळे ओढून पाहिले. तेहतीस घट्ट. सुटले ते सात, सगळे मंगळवारच्या पाकिटांतले. आकडे वाच."

मी वाचले. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ.

"एक नंबर नाही यात."

"एक नंबर घट्ट आहे. एकात पांढरं ओतलं आणि दार वाजलं."

मग त्यांनी मला सांगितलं, आणि मी इथं सांगते, कारण ऐकेपर्यंत मलाही वाटायचं की रंग ओतला की झाला मासा. आधी हिरवं आठही साच्यांत अर्ध्यापर्यंत ओतायचं. मग पहिल्याकडे परत येऊन त्याच्यावर पांढरं. पांढरं फार लवकर पडलं तर दोन्ही रंग एकमेकांत शिरतात आणि मासा चिखलासारखा होतो. उशिरा पडलं तर हिरव्यावर साय धरलेली असते. पांढरं तिच्यावर नुसतं बसतं, धरत नाही. बरोबर वेळ म्हणजे बावीस अंक, मनात मोजलेले. आठव्या साच्यात हिरवं पडतं तेव्हा पहिल्याचे बावीस झालेले असतात. मग त्याच चालीनं पुढे जायचं. आणि पांढरं हिरव्यापेक्षा जास्त गरम हवं, म्हणजे खालची साय जराशी वितळवून त्यात रुतेल.

"दारातून परत आले तेव्हाच मला कळायला हवं होतं," ताई म्हणाल्या. "हिरवं थिजलेलं, पांढरं निवलेलं. ती ओळ टाकून द्यायची. पण टाकवेना. ओतलं. वरून बघितलं तर सुंदर दिसत होतं. प्रत्येक ओळीतला एक नंबर मी ओढून बघते, तो पास झाला. तो होणारच होता."

"ताई, माझ्यामुळेच..."

"तू वाटी द्यायला आलीस. वाटी परत देणारी माणसं कमी झालीत जगात. गप्प बैस त्या स्टुलावर."

हातमोजे, तोंडावर धुराचा मास्क, डोळ्यांना जाड काच. साचे त्यांनी एकेक करून गालाला लावून पाहिले. जरा ओलसर राहिला तर तापलेलं प्लास्टिक अंगावर उडतं. काचेच्या भांड्यातलं प्लास्टिक आधी दुधासारखं होतं, मायक्रोवेव्हमधून पहिल्यांदा बाहेर आलं ते फुटलेल्या दह्यासारखं, आणि तिसऱ्यांदा आलं तेव्हा मधासारखं, काडीवरून एकसंध धार सोडणारं. तापमापी बुडवली. एकशे पंचाहत्तर. चार थेंब हिरवा, चिमूटभर चमकी. दुसऱ्या भांड्यात पांढरा.

ओतायला सुरुवात झाली. एक, दोन, तीन साचे. मास्कमागे ओठ हलत होते.

आणि दार वाजलं. कुणीतरी ते मघाशी लोटून घेतलं होतं. मीच असेन.

"अगं, दार!" दादा.

ताईंचा हात थांबला नाही. पाचवा साचा.

"अगं ए, दार वाजतंय!"

मी उठायला गेले. ताईंनी मोकळ्या हाताचं एक बोट माझ्याकडे केलं. मी बसले. त्या बोटाला नाही म्हणण्याची टाप नव्हती माझी. सहा, सात, आठ. थापा जोरात पडायला लागल्या. "बावीस," ताई मोठ्यानं म्हणाल्या आणि पांढऱ्याचं भांडं उचललं. पहिल्या साच्यात बारीक धार पडली, हिरव्यावर पसरली, काठाशी येऊन थांबली. दुसरा. तिसरा. बाहेरून कुणीतरी दादांच्या नावानं हाक मारली. दादांनी बसल्या जागेवरून आणखी एकदा आम्हाला हाक मारली. सातवा. आठवा. मग जिन्यावरून उतरणारी पावलं.

ताईंनी भांडं खाली ठेवलं, मास्क काढला, आणि मला त्यांचं हसू दिसलं. व्रात्य, शाळकरी हसू.

दादा गॅलरीच्या दारात आले, हातात दाराखालून सरकवलेली चिठ्ठी. ती त्यांना वाचता येईना म्हणून माझ्या हातात दिली.

"कुरिअरवाला होता," मी वाचलं. "चष्म्याचं पार्सल. घर बंद म्हणून परत नेलंय. सोमवारी पुन्हा येईल."

"घर बंद? आपण तिघं घरात आणि घर बंद? पंधरा दिवस वाट बघतोय मी त्या चष्म्याची! तुला ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं," ताई म्हणाल्या. "माझे बावीस व्हायचे होते."

दुपारी चार वाजता आम्ही दोघी दुकानात पोचलो. तिसऱ्या खिळ्यावर कंपनीची पाकिटं आधीच लटकत होती, चकचकीत, उडी मारणाऱ्या माशाचं चित्र छापलेली.

"मावशी, काल बोललो ना आपण?" दुकानदार म्हणाला.

"काल तुम्ही बोललात. आज मी बोलते." ताईंनी गल्ल्यावर तीन पुड्या ठेवल्या. "ही सात खराब होती. माझी चूक. कशी झाली ते मला कळलंय, तुम्हाला सांगत बसत नाही. ही तेहतीस चांगली होती, तीही तुम्ही परत केलीत. ती तुमची चूक. आणि ही आठ आज सकाळची. ओढा."

"अहो, ओढून काय..."

"तो मासे तोलायचा काटा द्या इकडे."

त्यांनी स्वतःच काटा भिंतीवरून काढला, चार नंबरच्या माशाचं नाक त्याच्या हुकात अडकवलं आणि शेपूट दुकानदाराच्या हातात दिली. त्यानं ओढलं. मासा दुप्पट लांब झाला, तिप्पट झाला, हिरवं आणि पांढरं दोन्ही सारखंच ताणलं गेलं. शेवटी टचकन तुटला तो शेपटीत, आडवा. दुकानदारानं तुटलेला तुकडा डोळ्यांजवळ नेला. अर्धा हिरवा, अर्धा पांढरा. मधे फट नाही.

"आता कंपनीचा."

त्यानं एक पाकीट फोडलं. तोही तसाच ताणला, तसाच तुटला.

मला वाटलं, आता ताई पडल्या. त्या मात्र खूश झाल्या. "बघा, चांगला आहे की त्यांचा! मी कुठे वाईट म्हणते? त्यांच्याकडे दोन पिचकाऱ्या एका तोटीला जोडलेलं यंत्र असतं, दोन्ही रंग एकदम जातात. माझ्याकडे आकडे मोजणारं डोकं आहे. माल सारखाच."

"पण गिऱ्हाइकाला घरगुती म्हटलं की..."

"तुमच्या वडिलांची कवळी किती वर्षं टिकली?"

दुकानदार गडबडला. "अकरा. का?"

"एक तरी दात सुटला?"

"नाही."

"ती या हातांनी केली होती. तेव्हा नाही वाटलं तुम्हाला हातचं ते हातचंच?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, जणू मी सोडवीन. मी दोऱ्यांची रिळं बघायला लागले.

"मावशी, खरंच खिळा नाही हो. शब्द दिलाय त्यांना."

"मग शब्द पाळा. हातोडी आहे?"

"भिंतीवर जागा कुठेय?"

"खिळ्याला केवढी जागा लागते?"

हातोडी मिळाली. ताई स्टुलावर चढल्या, मी स्टूल धरलं. तिसऱ्या खिळ्याच्या बाजूला चौथा खिळा तीन ठोक्यांत बसला, नाकासमोर सरळ. त्यांनी तेहतीस आणि आजच्या उरलेल्या सातांची पाकिटं त्यावर अडकवली आणि धूळ झटकून खाली उतरल्या.

"आणि परत सुटले तर?" दुकानदारानं विचारलं. आवाजात आता जोर नव्हता.

"तर हा खिळा मी स्वतः येऊन उपटीन. तुम्हाला तेवढाही त्रास नको."

 परत आल्यावर जिना चढताना, दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "पाय कापत होते गं स्टुलावर."

"मला जाणवलं."

"त्याला?"

"छे."

घरात दादा त्याच खुर्चीत बसले होते. वर्तमानपत्र मांडीवर, घडी न मोडलेलं. जुन्या चष्म्याचा दोराही आता सुटला होता.

"घेतला का माल?"

"घेतला."

दादांनी चष्म्याची काडी चाचपली.  "मी विचार केलाय. ते दोन पिचकाऱ्यांचं यंत्र मिळतं ना, तेच आणून देतो तुला. दोन्ही रंग एकदम. मोजणं नको, काही नको. मग वाजू दे दार."

ताई उंबऱ्याशी चपला काढत होत्या. त्या अजून वेगवेगळ्याच होत्या. दोन्ही एकाशेजारी एक नीट लावून त्या सरळ उभ्या राहिल्या.

"यंत्र नको, दादा. मी आत ओतत असेन आणि दार वाजलं, तर तू उठून उघडत जा."