मुलीने मोडलेला सौदा

माझ्या मुलीने माझा एक जिंकत आलेला सौदा मोडला, त्याला आता बरीच वर्षं झाली. राग अजून गेलेला नाही.

पनवेलला माझं टाइल्सचं दुकान आहे. उरणच्या गोदामात ट्रकमधून बॉक्स उतरवत मी हा धंदा शिकलो आणि उलव्यात इमारती उठू लागल्या तेव्हा चार पैसे पाहिले. मुलीने फक्त ते चार पैसेच पाहिले. बारावीची परीक्षा संपली, अठरा पूर्ण झाली आणि तिने स्कूटी मागितली. मागितली म्हणजे रंग सांगितला.

मी म्हटलं, "महिनाभर दुकानात बस. तुझ्यामुळे एकही तक्रार आली नाही तर स्कूटी. आली तर नाही."

"रविवारी सुट्टी?"

"नाही."

"एसीखालची खुर्ची माझी?"

खुर्ची दिली. सौद्यात काहीतरी सोडावं लागतं.

पहिल्या दिवशी ती ओल्या टिश्यूने खुर्ची पुसून बसली. गिऱ्हाइकाने वरचं सॅम्पल मागितलं की हमालाला हाक मारायची. हमाल जेवायला गेलेला असला तर गिऱ्हाइकालाच म्हणायची, "काका, तुम्हीच काढता का? मी पाणी देते." लोक काढायचेसुद्धा.

तिसऱ्या आठवड्यात उरणचे एक गृहस्थ आले. कुवेतची नोकरी सोडून परतलेले, नवं घर बांधलेलं. हॉलच्या टाइल्स त्यांनी आमच्याकडूनच नेल्या होत्या, दहा बॉक्स कमी पडले होते. आता आमच्या धंद्यात नुसतं डिझाइन एक असून भागत नाही. भट्टीतल्या प्रत्येक खेपेचा रंग जरा वेगळा पडतो, म्हणून बॉक्सवर शेड नंबर छापलेला असतो. तो जुन्या बिलाशी जुळवूनच माल द्यायचा. मी बँकेत गेलो होतो. मुलीने खुर्चीतूनच हमालाला डिझाइनचं नाव सांगितलं, त्याने पुढचे दहा बॉक्स टेम्पोत चढवले.

चार दिवसांनी त्या गृहस्थांनी दोन टाइल्स आणून काउंटरवर शेजारी ठेवल्या. एक दुधासारखी, दुसरी चहा सांडल्यासारखी.

"शेठ, जुम्म्याला मुलीचा निकाह आहे. अर्धा हॉल असा, अर्धा तसा. मेहमान काय म्हणतील, दोन घरांतून उचलून आणला?"

काय झालंय ते मला एका नजरेत कळलं. मुलीलाही कळलं असावं, कारण ती उठून मागच्या गोदामात गेली. मी आवाज चढवला. "लावायच्या आधी सगळे बॉक्स उघडून बघायला नकोत? तुमच्या मिस्त्रीने डोळे मिटून लावल्या का?"

"मिस्त्री म्हणतो, माल दुकानाने दिला."

"म्हणणारच तो! दोन बॉक्स फुकट देतो, दाराजवळच्या बदलून घ्या. बाकीच्यावर जाजम येईल."

ते दहा बॉक्सवर अडून होते, ते पाचवर आले. तीनवर मिटणार होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि दोष मिस्त्रीवर गेल्यामुळे तिच्या स्कूटीलाही धक्का लागत नव्हता. मुलगी बाहेर आली तेव्हा मी तिला खुणेने सांगितलं, गप्प राहा.

"अंकल, मिस्त्रीची चूक नाही," ती म्हणाली. "शेड नंबर मी बघितला नाही. उठायचा कंटाळा केला."

"तू आत जा!"

"आतूनच आले, पप्पा. जुन्या शेडचे बारा बॉक्स मागे पडलेत. दहा यांना देऊ या."

तिचे हात कोपरापर्यंत धुळीने भरले होते. "शुक्रिया, बेटा," ते गृहस्थ म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही. लावलेल्या टाइल्स उखडायची मजुरीही माझ्याच गळ्यात आली.

शटर ओढताना मी म्हटलं, "तक्रार आली."

"हो."

"तुझ्यामुळे आली."

"हो, पप्पा."

घरी मी तयारीत बसलो. ती रडेल, मी नाही म्हणेन. आईला पुढे करेल, पुन्हा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा मागितली की आधी सेकंडहँड स्कूटी कबूल करायची आणि मग नवीवर यायचं, हे सगळं मी ठरवून ठेवलं होतं. शोरूमवाल्याला घासाघीस करून खाली आणलंही होतं. तिने विषयच काढला नाही. महिना पूर्ण होईपर्यंत रोज दुकानात आली, मग कॉलेज सुरू झालं आणि ती शेअर रिक्षाने जायला लागली.

शेवटी एका सकाळी मीच विचारलं, "रिक्षात गर्दी असते का गं?"

"असते," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.