फ्लेक्सवरचा पायलट

तळेगावच्या बाजारातून मेथी आणि शेंगा घेऊन परत येत होतो, आणि परंदवडीच्या फाट्यावर मला मीच दिसलो. चांगला दहा फूट उंच. डोक्यावर वैमानिकाचं हेल्मेट, हेल्मेटखाली माझ्या मिशा, आणि मागून एक लढाऊ जेट आग ओकत येतंय. जेट आपल्या देशाचं नव्हतंच. मिशा तेवढ्या खऱ्या होत्या, मुलीच्या लग्नातल्या फोटोतून उचललेल्या. खाली माझं नाव, आणि नावाच्या पुढे ठळक लाल अक्षरांत: ‘गावचे भूषण, फायटर पायलट, यांचा भव्य सत्कार.’

मी स्कूटर बाजूला घेतली. राग माझ्या नाकावरच असतो, हे घरात कुणीही सांगेल. पण त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण मी पायलट नव्हतो. एक दिवसही नाही. वीस वर्षं हवाई दलात होतो, पण एअरफ्रेम फिटर म्हणून. पंखांच्या झडपा, चाकं, ब्रेक, पत्रा, रिव्हेट हे माझं काम. ज्या मिग जेटवर मी उमेदीची सगळी वर्षं घालवली त्यात बसून मी जमिनीपासून वीतभरही वर गेलेलो नाही.

सत्काराचं निमित्त त्याच आठवड्यात घडलं होतं. देशाने ती जुनी जेट सेवेतून काढली. टीव्हीवर शेवटचं उड्डाण दाखवलं. उतरल्यावर दोन्ही बाजूंनी अग्निशमनच्या गाड्यांनी पाण्याची कमान केली आणि त्याखालून ती एकामागून एक आत आली, आंघोळ घालून आणलेल्या बैलांसारखी. आमची स्क्वाड्रनही त्यांच्याबरोबरच मोडली. मी घरातल्या घरात, बनियनवर, सावधान उभा राहिलो. डोळे भरून आले ते पुसले नाहीत. शेजारी माझी आई बसली होती. ऐंशी ओलांडलेली, पण नजर शाबूत. तिने विचारलं, “आता ही समदी कुटं ठिवणार?”

“काही चौकात उभी करतील, काही मोडीत.”

“तुजं कुटलं?”

माझं म्हणून एक जेट होतं हे तिला आठवत होतं. मला बरं वाटलं.

आता हा पायलट आला कुठून, ते सांगायला हवं. तो आईनेच जन्माला घातला.

आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्मांतर केलं, गावकीची कामं सोडली, पण शेत काही आपोआप आलं नाही. गावातली बरीच जमीन ज्या एका घराकडे होती, त्यांच्या भातखाचरात आई लावणीला जायची. मी हवाई दलात भरती होऊन ट्रेनिंगला गेलो त्या वर्षी ती अशीच गुडघाभर चिखलात उभी होती. त्या घरचे आबा बांधावर छत्री घेऊन आले. तेव्हा ते तरुणच होते, पण आबा त्यांना सगळे तेव्हापासूनच म्हणत. त्यांनी विचारलं, “काय गं, तुजं पोरगं काय करतंय तितं इमानात? झाडू मारतंय का?”

बाकीच्या बाया हसल्या. आईने कंबर सरळ केली आणि म्हणाली, “इमान चालवतंय.”

पहिल्या रजेवर गावी आलो तर एसटीतून उतरल्या उतरल्या लोक विचारायला लागले, किती उंच जातं, खाली बघून भीती वाटते का. मी एकोणीस वर्षांचा. हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर आईला विचारलं, तर तिने बांधावरची गोष्ट सांगितली आणि वर म्हणाली, “दुरुस्ती करतो म्हनले असते तर त्यांनी झाडूच ऐकला असता.” ते खरंच होतं. मी गप्प बसलो, आणि पुढे चाळीस वर्षं गप्पच राहिलो. वीस वर्षं नोकरी केली, मग कुसगावच्या एका हॉटेलात लिफ्ट आणि बॉयलर सांभाळले. गावात मात्र मी पायलटच होतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

गंमत अशी, की गावात खोटं खपवणारा हा माणूस नोकरीत खोट्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. आमचं कामच तसं. हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची, पक्कडीची आकृती रंगवलेली असते. काम संपलं की जे ते आपल्या आकृतीवर परत टांगायचं. एक जरी आकृती रिकामी दिसली तर ते विमान हलता कामा नये, कारण विसरलेला पाना आकाशात नेमका जिथे अडकू नये तिथेच अडकतो. सगळं नीट असलं की वहीत सही करायची. ती सही बघितल्याशिवाय पायलट शिडी चढत नाही.

एकदा मी सही केली, जेट धावपट्टीकडे निघालं, आणि फळ्याकडे वळतो तर पत्र्याआड डोकावून बघायच्या, दांडा लावलेल्या छोट्या आरशाची जागा रिकामी. घाईत मोजलेलं अंगाशी आलं होतं. खिसे चाचपले, नाही. क्षणभर मनात आलं, असेल कुठे तरी, मिळेल संध्याकाळपर्यंत. मग धावत जाऊन वरिष्ठाला सांगितलं. रेडिओवरून जेट परत बोलावलं. त्या दिवसाचं त्याचं उड्डाण रद्द झालं. पत्रे उघडून तीन तास शोधलं, आणि शेवटी आरसा सापडला तो माझ्याच ओव्हरऑलच्या घोट्याजवळच्या खिशात. लाजेने मान वर होईना. घामाने चिंब झालेला पायलट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वाटलं, आता हा खाऊन टाकतो. तो एवढंच म्हणाला, “कल भी ऐसे ही बोल देना. जेब में हो, तब भी.”

एवढी मोठी शाबासकी मला पुढे कधी मिळाली नाही.

आई एकदाच माझ्या हवाई तळावर आली होती. घरच्यांना विमानं दाखवायचा दिवस होता. माझ्या जेटला मीच उड्डाणाला सोडत होतो. पायलटच्या खुर्चीला जमिनीवर असताना सुरक्षेच्या पिना लावलेल्या असतात, प्रत्येक पिनेला लांब तांबडी फीत. निघण्याआधी त्या काढायच्या आणि सगळ्या एका हातात उंच धरून पायलटला दाखवायच्या. तो वरून बोटाने मोजतो. एखादी तशीच राहिली, तर संकटात खुर्ची त्याला बाहेर फेकत नाही. मोजून झालं की त्याने मान हलवायची, मी सलाम करायचा, मग जेट हलणार. आईने दोरीमागून हे सगळं पाहिलं. कान दोन्ही हातांनी दाबलेले, पण डोळे उघडे.

नंतर तिने विचारलं, “त्यो काय मोजत व्हता?”

मी सांगितलं.

“आन तुज्यावर इस्वास ठिवतो त्यो?”

“ठेवावाच लागतो, आये.”

गावी परतल्यावर मात्र पुन्हा तेच, इमान चालवतो.

तर, फ्लेक्स. मी स्कूटर तशीच तरुण मंडळाच्या अध्यक्षाच्या दारात नेली. हा आबांचा नातू. पोरगा गुणी आहे, कंपनीत नोकरी करतो, दर पावसाळ्यात शाळेचं छप्पर स्वतः दुरुस्त करतो. मी म्हटलं, पायलट हा शब्द काढ. तो कसनुसा हसला. “काका, कार्यक्रम उद्या हाय. पत्रिका वाटल्यात. आन आमी ल्हानपनापास्नं ह्येच ऐकत आलोय. शाळेत तुमच्यावर निबंध लिवलाय मी.”

त्या निबंधाला त्याला बक्षीस मिळालं होतं म्हणे. आता बोला.

रविवारी सकाळी मी आईला सांगितलं, आज मी खरं काय ते सांगणार. ती चुलीपुढे बसली होती. गॅस आहे, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागते. तिने हातातली भाकरी परातीत परत टाकली.

“तू खरा व्हशील. आन मी?”

मी म्हटलं, लोक समजून घेतील.

“कुनी समजून घ्येत न्हाई. चाळीस वरसं त्या घरासमोरनं मी ताट मानंनं चालले. आज तू मला पुन्यांदा त्या चिखलात उभी करतोयस.”

मला वाटलं ती कार्यक्रमाला येणारच नाही. पण निघताना पाहिलं, तर जरीच्या काठाचं पांढरं लुगडं नेसून ती माझ्याआधी पायरीवर उभी.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून आबाच. वाकलेले, हातात काठी. आईला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. माझ्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला, आणि माईक समोर आला. मोकळ्या आभाळाखाली जेटचे कान फाडणारे आवाज ऐकलेला मी, पण त्या माईकची शिट्टी ऐकून माझी पाचावर धारण बसली.

मी म्हणालो, “फ्लेक्सवर लिहिलंय ते चूक आहे. मी पायलट नव्हतो. मी फिटर होतो.”

मागे एक मूल रडत होतं. मी पुढे बोललो. फळ्याचं सांगितलं, सहीचं सांगितलं, घोट्याच्या खिशातला आरसा सांगितला, तेव्हा लोक हसले. म्हणालो, “दुसऱ्यांनी उडवलेली विमानं सुखरूप परत यावीत म्हणून मी राबलो. माझ्या सहीने उडालेलं प्रत्येक जेट परत आलंय. पुन्हा जन्म मिळाला तर मी फिटरच होईन. पायलट ही चूक मी चाळीस वर्षं दुरुस्त केली नाही. दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.”

हे शेवटचं मी आईकडे न बघता बोललो. बघायची हिंमत नव्हती.

“दोष त्याचा न्हाई.”

आई उठली होती. तिला माईकची गरज नव्हती. खाचराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारायची सवय तिची.

“खोटं मी बोलले. आबा, तुमी बांधावर इचारलं व्हतं, पोरगं झाडू मारतंय का. लय लागलं मला. म्हनून म्हनले, चालवतंय. मला म्हाईत व्हतं त्यो काय करतो. पुढं डोळ्यांनी बी बघितलं. पर तवा खरं सांगून तुमाला कळलं नसतं.” ती व्यासपीठाकडे एक पाऊल पुढे सरकली. “आबा, आता परत इचारा.”

नातू माईक घ्यायला पुढे सरकला, तर आबांनी काठी आडवी धरून त्याला थांबवलं. त्यांना उठायला वेळ लागला. काठीवर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले.

“तुमचा मुलगा काय करतो, बाई?” त्यांनी विचारलं.

“फिटर हाय,” आई म्हणाली. “ह्यानं तांबड्या फिती हातात धरून दावल्या, की पायलट त्या मोजतो. मंगच इमान हालतं.”

मग तिने पदर सावरला आणि पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.