ताटावरचं नाव

कोणत्याही पंगतीत बसलो की मी आधी ताटाच्या कडेखाली अंगठा फिरवतो. शेजारच्याला वाटतं, ताट नीट घासलं आहे का ते मी पाहतोय. मी माझं नाव शोधत असतो.

दारव्ह्यात माझं बिछायत केंद्र होतं, लग्नाला मांडव-भांडी भाड्यानं द्यायचं. होतं म्हणजे कसं, तर आमच्या मांडवाच्या एका टोकाला मंगलाष्टकं सुरू असायची आणि दुसऱ्या टोकाला ती ऐकू जाईपर्यंत नवरीच्या पोराचं बारसं ठरायचं. एकदा एक म्हातारे मामा माझ्या मांडवात हरवले. सापडले तेव्हा दुसऱ्याच लग्नात आग्रहानं जिलबी वाढत होते. वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, एवढा मोठा, की आचाऱ्याला पोहता येतं का, हे मी आधी विचारून घ्यायचो. आणि प्रत्येक ताटावर मी नाव टाकून घेतलं होतं. मशीनची टिंबाटिंबांची अक्षरं, माझं पूर्ण नाव, पुढे गाव, शेवटी एक मोर. मोर नाव टाकणाऱ्यानं फुकटात काढून दिला होता, म्हणून तो कोंबड्यासारखा दिसायचा.

मग दिवाळं निघालं.

त्याबद्दल कोणी विचारलं की मी वाऱ्याची गोष्ट सांगतो. वैशाखात वावटळ आली, मांडव खांबांसकट उडाला, दिग्रसवरून जाताना त्याची सावली पडली म्हणून बायांनी गच्चीवरची वाळवणं उचलली. वारं आलं होतं, एवढं खरं. पण वाऱ्यात चार कनाती फाटल्या. बाकी सगळं हप्त्यांत गेलं. जनरेटरच्या हप्त्यांत, लायटिंगच्या गेटच्या हप्त्यांत, नवरा-नवरीला बसायच्या त्या लाल सिंहासनांच्या हप्त्यांत. शेवटी एका घेणेकऱ्याचा मेटॅडोर दारात लागला आणि पोत्यांत भरून ताटं गेली. पंगत उठताना होतो तसाच आवाज झाला. माझी मुलगी तेव्हा शाळेत जायची. दप्तर घेऊन पायरीवर उभी होती. तिनं विचारलं, "बाबा, आपली ताटं कोणाच्या लग्नाले चालली?"

मी म्हटलं, "एका राजाच्या. लग्न आटोपलं की येतात वापस."

ती किती दिवस वाट पाहत होती, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतर दुसऱ्याच्या बिछायत केंद्रात पगारावर मांडव बांधू लागलो. हाताला काम मिळालं. तोंडाचं मात्र वाईट झालं. आधी मी गप्प, म्हणजे थाप, हाणली की पानठेल्यावर लोक मांड्या थोपटायचे. नंतर तीच गप्प, तेच लोक, पण हसण्याआधी एकमेकांकडे पाहू लागले. पैसेवाल्याची गप्प म्हणजे गंमत, बुडालेल्याची म्हणजे फसवणूक. पुढे पुढे तर "पाऊस येते वाटते" एवढं म्हटलं तरी समोरचा मान वर करून आभाळ पाहायचा. घरातला व्यवहार ठरायचा तिथं माझे मोठे भाऊ, आमचे दादा, बोलू लागले. मी पाणी द्यायचो. वर्षानुवर्षं दिलं.

मुलगी शिकली, यवतमाळला लॅबमध्ये लागली, आणि कळंबचं स्थळ आलं. मुलगा चांगला, पसंती झालेली. मुलाचे वडील तारीख ठरवायला जेवायलाच येणार होते. त्या सकाळी मुलगी माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. शर्टाकडे पाहतच म्हणाली, "बाबा, आज एकबी गप्प नको."

"अन् त्यायनं खरं काही विचारलं तं?"

"तं खरं सांगा."

दारातून दादा म्हणाले, "खरंबी नको. तू फक्त पुऱ्या वाढ. त्यायले आपलं जुनं काही माहीत नाही अन् आज माहीत करायचं नाही."

पाहुणे आले. मुलाचे वडील बस चालवून रिटायर झालेले. बोलायचेही घाटातून गाडी उतरवावी तसे, प्रत्येक वाक्याला ब्रेक लावत. सोबत अपेक्षेपेक्षा दोन माणसं जास्त आली. स्वयंपाकघरात भांड्यांचा खडखडाट झाला, मग बायको एकेक ताट बाहेर देऊ लागली. मुलाच्या वडिलांपुढे ताट ठेवलं गेलं आणि माझ्या हातातली पुऱ्यांची परात जड झाली.

ते आमचं ताट होतं. मेटॅडोर आला त्या दिवशी ते शेजारी भाजी घेऊन गेलं होतं, म्हणून वाचलं. आठवड्यानं शेजारीण ते परत घेऊन आली, रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात गुळाचा खडा घालून. बायकोनं गूळ काढून घेतला आणि ताट पेटीत साड्यांखाली ठेवलं. इतकी वर्षं ते कोणापुढे आलं नव्हतं. आज घरच्या ताटांना पोचे, पाहुणे जास्त, आणि ते एकच चकचकीत. तिनं नाव पाहिलं नाही, ताट पाहिलं.

मी पुऱ्या वाढत राहिलो. एवढ्या वाढल्या की शेवटी ते म्हणाले, "बस करा जी, पेट्रोल भरून राह्यले काय?" सगळे हसले. मीही हसलो. जेवण होत आलं, त्यांनी शेवटचा घास घेतला आणि ताटाच्या कडेखाली अंगठा फिरवला. अगदी माझ्यासारखा. मग कड जराशी वर करून वाकून पाहिलं.

"हा मोर," ते म्हणाले. "हा कोंबड्यावानी मोर. हेच नाव. तुमीच काय जी ते?"

दादांचा हात वाटीवर थांबला.

"आमच्या कळंबच्या समाजमंदिरात हेच ताटं हायेत. माह्या मायच्या तेरवीले सारा मोहल्ला याच ताटांत जेवला. एक रुपया भाडं नाही. मी तवाच म्हटलं होतं, हा दारव्ह्याचा कोण एवढा मोठा माणूस, ज्यानं आपल्याले एवढी ताटं दान देल्ली."

माझ्या लक्षात आलं ते सावकाश. त्या समाजमंदिरात घड्याळावर नाव, सतरंजीवर नाव, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणाऱ्याचं नाव. लाइट गेली की तेवढं वाचता येतं. तिथं ज्या वस्तूवर नाव, ती दानाची. घेणेकऱ्यानं ताटं तिकडे विकली असतील, ज्यांनी घेतली ती माणसं असतील-नसतील, आणि नंतरच्यांनी फक्त नाव वाचलं.

"हो जी," दादा सावरून म्हणाले, "आमचा लहाना पहिल्यापासूनच दिलदार."

मी जन्मभर गप्पा हाणल्या. एकेक गप्प पाठीवर वाहून लोकांच्या दारात नेली. आणि आज सगळ्यांत मोठी गप्प स्वतःच्या पायांनी घरी आली होती, पोटभर जेवली होती, आणि मी फक्त मान खाली घालायची बाकी होती. तेवढ्यानं तारीख ठरली असती. पोरीचं लग्न झालं असतं.

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात कढीचं भांडं घेऊन उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ताटाकडे पाहत होती.

मी म्हटलं, "दान नाही जी. ताटं उचलून नेली होती माह्याकडून. दिवाळं निघालं होतं माह्यं."

दादांना ठसका लागला. कोणीतरी पाणी दिलं; पहिल्यांदाच ते मी दिलं नाही. मुलाच्या वडिलांनी ताटातलं खरकटं बोटानं एका बाजूला सारलं. मग त्यांनी विचारलं, "कोणाचं देणं ठेवलं काय?"

"ज्याचं जमलं त्याचं देल्लं. काहीयचं राह्यलं."

ते उठले, हात धुतले, बडीशेप घेतली. तारखेचं काढलं नाही. "कळवतो," म्हणाले आणि गेले.

दादा माझ्याशी बोलले नाहीत. बायको चुलीपाशी बसून राहिली. ताट मीच वाढलं, असं दहादा म्हणाली. मुलीनं ते ताट घासलं, पुसलं आणि पेटीत न ठेवता फळीवर इतर ताटांत लावलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "आटोपलं म्हणायचं राजाचं लग्न."

मी पेटीचं झाकण लावलं.

मध्ये बरेच दिवस कळंबहून काही आलं नाही. मुलगी रोज यवतमाळला जायची, यायची, जेवायची. तिनं फोनकडे पाहिलं की मी दुसरीकडे पाहायचो. मांडवाच्या दोऱ्या बांधताना माझ्या गाठी सुटू लागल्या. मग फोन आला, दादांच्या मोबाइलवर. होकार होता. पोरगी आम्हाले पाहिजे, म्हणाले. पण देण्याघेण्याचं, जेवणाचं, सगळं बोलणं दादांशीच होईल. आणि आणखी एक.

दादांनी फोन स्पीकरवर टाकला होता, म्हणून मी स्वतः ऐकलं. "त्यायले सांगा, ते बोलले ते मले आवडलं. पण इकडे कळंबात कोणाले सांगू नका म्हणा. सून त्या ताटावाल्याची पोरगी म्हणून येऊन राह्यली, तशीच येऊ द्या."

लग्न त्याच समाजमंदिरात झालं. माझी सगळी ताटं मला तिथं भेटली. काही चेपलेली, काहींचा मोर घासून गेलेला. पंगतीत एक म्हातारी माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "बाप्पा, तुमच्या ताटांत आमच्या नाती उजवल्या." चार लोक ऐकत होते. मी हात जोडले आणि गप्प राहिलो. मुलगी शालू सावरत लांबून पाहत होती. तिनं मान किंचित हलवली. राहू द्या, असं असावं.

आता मी कळंबला गेलो की लोक खुर्ची देतात आणि दारव्ह्यात अजूनही माझ्या शब्दावर कोणी तंबूची दोरी देत नाही. दोन्हीकडे मी तोच माणूस नेतो. वाटेत यवतमाळला गाडी बदलावी लागते. स्टँडवर मला कोणी ओळखत नाही. मी एक चहा घेतो. मुद्दाम सावकाश पितो, एखादी गाडी जाऊ देतो.