मधल्या पिढीची रायफल

शारजातल्या एका दुकानात मी बंदुकांच्या दस्त्यांसाठी अक्रोडाचं लाकूड पोचवतो. तिथे चिपळूणचे एक कारागीर आहेत; ते एका जागी स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाहीत. चहा पितानाही त्यांचा उजवा हात हवेत रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारणारा दांडा, मागेपुढे करत असतो.

मोठ्या शिकारीच्या रायफलीबद्दल विचारलं की ते त्या रायफलीच्या तीन पिढ्यांची, जणू घराण्याची गोष्ट सांगतात. "आजोबांच्या बोल्टला पंजा होता. काडतूस वर आलं की लगेच धरायचा. मुलाने पैसे वाचवायला पंजा काढला, काडतूस नुसतं ढकलायचं ठेवलं. नातवाने मुकाट्याने पंजा परत बसवला."

एकदा एक अमिराती शिकारी मधल्या पिढीची रायफल घेऊन आला. दोन दिवसांनी तो आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला निघणार होता, त्याला फक्त पॉलिश हवं होतं. कारागिरांनी रायफलीत खोटी काडतुसं भरून ती त्याच्या हातात दिली आणि त्याच्या कानाशी पत्र्यावर हातोडा हाणला. "यल्ला, जल्दी, भैंसा आया!"

दचकून त्याने बोल्ट अर्धाच ढकलला, मागे ओढला, पुन्हा ढकलला. धरायला पंजा नसल्याने पहिलं काडतूस आतच राहिलं होतं, दुसरं त्याच्यावर जाऊन अडकलं. मी तोवर लाकडाच्या ढिगामागे पोचलो होतो.

"हबीबी," कारागीर हळू आवाजात म्हणाले, "ये दीवार पे अच्छी लगेगी."

शिकाऱ्याने अडकलेला बोल्ट दोनदा ओढून पाहिला. मग फोन काढून विमानाचं तिकीट पुढे ढकललं.

कारागिरांनी त्याच्या हातून रायफल घेतली आणि ते तिला मन लावून पॉलिश करायला लागले.