बावीस दिवसांची हजेरी

हिंगोलीच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि आई माझ्यासोबत नव्हती. स्टँडवर गेलं की रडू येतं आणि चारचौघांत रडायला मला आवडत नाही, असं तिने सकाळीच सांगून टाकलं होतं. मी उंबऱ्यातून बाहेर पडले तेव्हा ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि त्या दिवसाच्या चौकटीत, दुधाच्या खाड्याच्या फुलीशेजारी, बारीक अक्षरात तिने लिहिलं, ‘वैशू गेली’. आमच्या घरात दूध, गॅसची टाकी, पाहुणे, दुखणी सगळं त्या कॅलेंडरवर असायचं. वेगळी डायरी ठेवायची ऐपत होती, सवय नव्हती.

बाबांनी माझी बॅग टपावर न टाकता आत सीटखाली कोंबली. त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची आणि परत द्यायच्या, हे काम करून त्यांच्या हातांना वॉर्निशचा वास कायमचा चिकटलाय. मी इलेक्ट्रिकलला गेले ती त्या वासामुळेच. गाडी सुटताना ते खिडकीपाशी आले आणि म्हणाले, “घरचं रडगाणं तिथं कुणापाशी गाऊ नको. लोक कीव करतेत, दुसरं काही करत नाहीत.” हे वाक्य मी जपून पुण्याला नेलं, लोणच्याच्या बरणीपेक्षाही जपून. बरणी तर वाटेत सांडलीच.

आता आमच्या भागातून दरवर्षी चार-दोन मुली पुण्याला शिकायला येतात. हे त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासोबत त्या वर्षी आलेल्या एकीसाठी. तिचं नाव इथे स्वाती ठेवते. ती हे वाचेल आणि तिला कळेल.

माझी फी आणि होस्टेल एक ट्रस्ट भरत असे. नाव सांगत नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, तीन कपाटं, एक पंखा आणि टेबलामागे निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. पहिल्या दिवशी बाईंनी फॉर्म हातात दिला आणि अटी वाचून दाखवल्या. दरवर्षी सरासरी साठ टक्के. हजेरी पंच्याहत्तर टक्के. एकही विषय राहता कामा नये. “कॉलेज एटीकेटीला पुढच्या वर्गात घालतं. आम्ही घालत नाही. मागे काही आहे का?” मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, “फॉर्मच्या मागे म्हणते आहे मी. उलटून बघ.” मी कागद उलटला, मान डोलावली आणि वाचलं काहीच नाही. मागे एकच नियम होता. घरात आजारपण वगैरे सबळ कारण घडलं आणि पुराव्यासह अर्ज केला, तर एका सेमिस्टरची सवलत.

स्वाती त्याच ट्रस्टची मुलगी. सांगोल्याकडची, वडील नसलेली, पाठीवर दोन बहिणी. तिला मिळणारी मदत बंद झाली असती तर मामाने तिला पहिल्या गाडीने परत नेलं असतं आणि पुढच्या उन्हाळ्यात बोहल्यावर उभं केलं असतं. हे तिने मला ओळख झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं. वर्गात तिचा रोल नंबर एक्केचाळीस, माझा बेचाळीस. त्यामुळे प्रॅक्टिकलला, परीक्षेला, रांगेत, सगळीकडे आम्ही एकमेकींना चिकटलेल्या.

मार्चमध्ये बाबांचा फोन आला. आईची पिशवी काढायची होती. रक्तस्राव थांबत नव्हता आणि हिंगोलीच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. फोन ठेवण्याआधी बाबा दोनदा म्हणाले की कॉलेजात सांगताना काहीतरी दुसरं सांग, बायांचं दुखणं गावभर करायचं नसतं. मी कोणालाच काही सांगितलं नाही. फक्त स्वातीला सांगितलं आणि म्हटलं, माझी तेवढी हजेरी बघ.

हे मागण्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या वर्गात प्रॉक्सी ही मीठ मागण्याइतकी साधी गोष्ट होती. सर खाली मान घालून नंबर पुकारत, एक्केचाळीसला स्वाती आपल्या आवाजात ‘प्रेझेंट’ म्हणे आणि बेचाळीसला तोंडावर ओढणी धरून जरा जाड आवाजात. बावीस दिवस ती हे करत होती. बावीस दिवस मी आईला उठवत, बसवत, न्हाऊ घालत होते, भाकरी थापत होते आणि बाबांच्या दुकानातल्या मोटारींचे नंबर लिहून घेत होते. परत आले तेव्हा माझी हजेरी चकाचक होती आणि गणिताची तीन युनिटं गेलेली होती.

जुलैत निकाल लागला. गणितात शंभरात एकोणतीस. कॉलेजच्या दृष्टीने मी दुसऱ्या वर्षाला गेले होते. मैत्रिणींनी एकीकडे तर एटीकेटीचे पेढेसुद्धा मागितले. मी होस्टेलच्या जिन्यात बसून ट्रस्टचा फॉर्म पहिल्यांदा उलटून वाचला, आणि वाचून जीव भांड्यात पडला. सबळ कारण होतं. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड होतं, आईच्या नावाचं, तारखांसकट. मी अर्ज लिहायला घेतला. हजेरीचा दाखला जोडायचा आहे हे वाचलं तेव्हा माझा हात थांबला. दाखल्यात त्या बावीस दिवसांतल्या प्रत्येक तासाला मी पुण्यात, वर्गात, बाकावर बसलेली होते.

म्हणजे कार्ड खरं म्हणायचं तर हजेरी खोटी, आणि हजेरी खोटी म्हटली की पुढचा प्रश्न ठरलेला. मी मेसमध्ये स्वातीला सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला सरकवलं. मग विचारलं, “माझं नाव येईल का?”

मी म्हटलं, नाही येणार. तिने पुन्हा विचारलं नाही. आणि मी खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं होतं की ती म्हणेल, चल, दोघी जाऊन सांगू. ती उठली आणि हात धुवायला गेली.

हिंगोलीचे बावीस दिवस लिहून अर्ज मी दिलाच. ऑगस्टमधल्या एका सकाळी अकरा वाजता मला ट्रस्टच्या ऑफिसात बोलावलं होतं. बाहेर बाकड्यावर सहा जण, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. आतून पंख्याचा आवाज यायचा आणि मधूनच बाईंचा. माझ्या आधीचा मुलगा डोळे पुसत बाहेर आला. त्यानंतर माझं नाव पुकारलं.

बाईंनी आधी गुणपत्रिका पाहिली, मग हजेरीचा दाखला. “अठ्ठ्याऐंशी टक्के हजेरी आणि गणितात एकोणतीस. इतकी हजेरी वर्गातल्या बाकाचीही असते.” शेजारी बसलेले दोन गृहस्थ हसले नाहीत, त्यांना सवय असावी. मी डिस्चार्ज कार्ड पुढे ठेवलं. ऑपरेशनचं नाव इंग्रजीत होतं, ते मला उच्चारावं लागलं नाही, याचंच मला बरं वाटलं. बाईंनी चष्मा बदलला. अर्जातल्या आणि कार्डावरच्या तारखा पाहिल्या, दाखल्यावरच्या पाहिल्या, पेन्सिलीने दोन्हीकडे खुणा केल्या.

“बावीस दिवस तू हिंगोलीला होतीस. आणि तेच बावीस दिवस तू इथेही होतीस. यातलं खरं काय?”

“हिंगोलीचं.”

“मग इथे कोण होतं?”

बाई थांबल्या. त्यांच्या थांबण्यात घाई नव्हती आणि रागही नव्हता, आणि तेच भयंकर होतं. मी म्हटलं की हजेरी लावायला मी सांगितलं होतं, चूक माझी आहे, नाव मी सांगणार नाही. त्या म्हणाल्या, “सुट्टीचा अर्ज दिला असतास तर आज पाच मिनिटांत मोकळी झाली असतीस. आता नाव नसेल तर मला हा दाखलाच खरा धरावा लागतो. तो खरा धरला की तुझ्याकडे कारण उरत नाही. कळतंय ना?”

मला कळत होतं. नाव अगदी जिभेवर होतं. एक्केचाळीस म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मला आईची आठवण झाली, बाबांची झाली आणि सगळ्यात जास्त स्वातीच्या त्या बाजूला सरकवलेल्या ताटाची. मी म्हटलं, “हो, कळतंय.”

मदत थांबली. हिवाळी परीक्षेत गणित सोडवलं तर पुन्हा अर्ज करता येईल, तोवर काही नाही. होस्टेल आठ दिवसांत सोडायचं होतं.

बाबा मला न्यायला आले. त्यांना सगळं आधी फोनवर सांगितलं होतं, तरी होस्टेलच्या फाटकाशी त्यांनी विचारलं, “एवढं कारण होतं तर पोरी, तू आधी सांगितलं का नाहीस?” मी म्हटलं, तुम्हीच म्हणाला होतात. बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. आईने कॅलेंडरचं मार्चचं पान फाडून दिलं होतं. नऊ तारखेच्या चौकटीत ‘वैशू आली’, तीसच्या चौकटीत ‘वैशू गेली’, आणि नऊपासून तीसपर्यंत प्रत्येक दिवसावर एक बरोबरची खूण. ऑपरेशन झालेल्या दिवशीसुद्धा. ती खूण वाकडी होती, दुसऱ्या दिवशी उठता आल्यावर केलेली असणार. “हे त्या बाईला दाखव म्हणली,” बाबा म्हणाले. “म्हणली, माझ्याकडं हाय हजेरी.” सुनावणी होऊन चार दिवस झाले होते. मी फाटकाला टेकून रडले, चारचौघांत.

बाबांनी मला हिंगोलीला नेलं नाही. येरवड्याला त्यांच्या चुलत बहिणीकडे नेलं. ही आमची आत्या महापालिकेच्या शाळेत शिपाई होती, दोन खोल्यांत चार माणसं आणि मी पाचवी. त्या सेमिस्टरची फी बाबांनी कशी भरली, हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. दिवाळीला घरी गेले तेव्हा दुकानातलं तार गुंडाळायचं नवं मशीन जागेवर नव्हतं. मीही विचारलं नाही.

आत्या रोज सकाळी वर्गावर्गात हजेरीचा कॅटलॉग फिरवायची. तिला माझी गोष्ट सांगितली तेव्हा तिने फार हळहळ दाखवली नाही. म्हणाली, “तुझ्या त्या मैत्रिणीनं हजेरी लावली गं, पण गणित काय तिला तुझं करता येत नव्हतं.” मग कुकर लावता लावता म्हणाली, पहाटे पाणी येतं, तेव्हा उठत जा आणि बस अभ्यासाला. नळाचं पाणी भरून झालं की मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसायची. दोन बस बदलून कॉलेजला जायची. वर्गात स्वाती आता माझ्यापासून लांबच्या बाकावर बसायला लागली होती. तिने माझ्याशी बोलणं कमी केलं, मग बंद केलं. लाज वाटत असेल, हे मला समजायचं, आणि तरी मला तिचा राग यायचा. आजही थोडा आहे. तो लपवण्यात अर्थ नाही.

डिसेंबरच्या पेपरला पहिली दहा मिनिटं मला एकही गणित ओळखीचं वाटेना. मग तिसरं सुटलं, त्याच्यामागून पाचवं. निकालाच्या दिवशी वेबसाइट बंद पडली होती. दोन तास मी आणि आत्या तिच्या शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर उभ्या होतो, बसायचं आम्हाला सुचलंच नाही. सत्तेचाळीस. आत्याने तो आकडा बोटाने स्क्रीनवर पुसून पाहिला, खरा आहे का म्हणून.

बाईंनी नव्या अर्जावर शिक्का मारला. शाबासकी वगैरे दिली नाही. कागद परत करताना एवढंच म्हणाल्या, “यापुढे एका वेळी एकाच गावात राहा.”

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी वारज्यात राहते, चाकणच्या एका कंपनीत मोटारींचंच काम करते, बाबा गुंडाळतात त्याहून मोठ्या. आई वर्षातून एकदा येते आणि आठव्या दिवशी तिला करमेनासं होतं. स्वाती जर्मनीत आहे, दोन्ही बहिणींना तिने शिकवलं. वाढदिवसाला तिचा मेसेज येतो, केकच्या चित्राचा. त्या ताटाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. स्वाती, नाव मी तेव्हाही सांगितलं नव्हतं आणि आजही ते बदलून लिहिलंय. मला फक्त एवढंच हवं होतं की तू निदान ट्रस्टच्या पायऱ्यांपर्यंत सोबत यावंस.

ट्रस्टने आता प्रत्येक मुलीला एक पालक नेमून देण्याची पद्धत सुरू केली आहे. माझ्याकडे दोघी आहेत. गेल्या आठवड्यात त्यातली धाकटी, किनवटची, तिचा स्वारगेटवरून फोन आला. गाडी लागली होती, कंडक्टरचा आवाज मागून येत होता. म्हणाली, “ताई, घरी चाललेय, जरा काम आहे. हजेरीचं टेन्शन नाही, रूममेट बघणार आहे.”

मी विचारलं, आईला काय झालंय. ती हळू आवाजात म्हणाली, पिशवीचं आहे ताई, कुणाला सांगू नका.

मी म्हटलं, “रूममेटला आत्ता फोन कर. म्हणावं, मला गैरहजर राहू दे.”

फोन ठेवून मी तिच्या नावाचा सुट्टीचा छापील अर्ज भरायला घेतला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ असं सुचवलेलं होतं. मी ते खोडलं आणि आईच्या ऑपरेशनचं नाव मराठीत, पूर्ण, वाचता येईल असं लिहिलं. मग कपाटातून मार्चचं ते पान काढलं. शाई फिकी झालीय, घडीवर कागद फाटायला आलाय. पुण्यात मी इतकी वर्षं आहे, आधार कार्डावर पत्ता इथला आहे, मतदानही इथेच करते. पण मी खरी कुठे होते याचा पुरावा कोणी मागितला, तर अजूनही माझ्याकडे त्या बावीस खुणाच आहेत.